आंबगुळीचं दुखणं

वाडी, नागपूर
१० नोव्हेंबर २०२४

चि. श्वेता,

नत्थूजीचा आशीर्वाद. कागद घेतला तर हात सवयीनं 'चि. सौ.' लिहून गेला. 'सौ.' खोडलं, मग खोडलेलं तुले दिसू नये म्हणून कागदच बदलला. हे सांगायचं काही कारण नव्हतं, पण आता लिहिलंच तर राहू दे.

फोनवर मी तुले बोलू देत नाही, म्हणून जे काय असेल ते लिहून पाठवा, असं तू म्हणाली. ठीक आहे बाप्पा, लिहितो. प्रेमिलाले, तुझ्या सासूले, कानानं ऐकू येत नाही, तिले फोन काय अन् पत्र काय, सारखंच. बारीक अक्षर तिले दिसत नाही, म्हणून मी पत्र तिले मोठ्यानं वाचून दाखवतो तेव्हा तिच्याआधी शेजारी ऐकतात.

मुद्द्यावर येतो. मिनलले जूनपासून आमच्यापाशी ठेव. तू साताऱ्याले नोकरीले लागली, सकाळी सातची गाडी धरून मेढ्याहून जाते अन् अंधार पडल्यावर येते. तुझी आई खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर. व्याही एकटे कोणाकोणाचं करतीन? आपल्या अमोलची सहा वर्षांची पोट्टी तिथं दिवसभर एकटी बसून राहते. इथं आम्ही दोघं रिकामे, अमोलची खोली रिकामी, शाळा दोन गल्ल्या सोडून. आपल्या विदर्भात शाळा उशिरा उघडतात, तयारीले वेळही मिळन. तू म्हणाली, मे महिन्यात अमोलच्या वर्षश्राद्धाले येऊ तेव्हा पाहू, तोवर त्याचं झाड सांभाळा. म्हणजे सुनेनं सासऱ्याची परीक्षा घ्यायची. घे.

झाडाचं म्हणशील तर उत्तम आहे. माझ्या कमरेपर्यंत आलं. अस्थी आपण रामटेकले अंबाळा तळ्यात सोडल्या, पण राख तू सोडू दिली नाही. आजकाल लोक राखेवर झाड लावतात, आपणही लावू, म्हणाली अन् माहेराहून ओल्या पोत्यात गुंडाळून ही आंबगुळीची कलम आणवली. मेढ्याच्या डोंगरातलं झुडूप, त्याले नागपूरचं ऊन दाखवायचं! मी तेव्हाच म्हटलं होतं, लावायचंच तर संत्रा लावू, आपल्या हातचा. तू ऐकलं नाही. तेरवीच्या घरात सुनेशी काय भांडायचं म्हणून मी गप्प बसलो, नाही तर मी गप्प बसणारा माणूस नाही, हे तुले माहीत आहे.

त्या कोपऱ्यात माती अशी नाहीच. प्लॉट भरताना सारा मुरूम, विटांचे तुकडे अन् वीज केंद्राची राख टाकली होती. तिथं मी दोनदा मोगरा लावला, दोनदा मेला. गवतही येत नव्हतं. तुझी आंबगुळी मात्र फोफावून राहिली, ते कबूल करतो. पण त्यात माझाही हात आहे. चाळीस वर्षं मी काटोल-कळमेश्वरच्या बागांत संत्र्याच्या कलमा बांधल्या. झाडाकडे पाह्यलं की त्याचं काय दुखते ते मले समजते.

मिनलचा तो दम्याचा पंप अजून सुरूच आहे काय? त्याची सवय लागते वं पोरी. मग जन्मभर सुटत नाही. तिले माझ्या हाती दे, अडुळसा अन् ओव्याची धुरी, बाकी काही नको. पावसाळा सरता सरता ती गल्लीत धावन.

नत्थूजी

&nbsp;

वाडी
५ जानेवारी २०२५

चि. श्वेता,

आशीर्वाद. तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. झाड कसं आहे, फुलं आली काय. सासू-सासरे कसे आहेत हे विचारायले त्या कागदावर बरीच जागा शिल्लक होती, पण असो.

फुलं आली. पांढुरकी, बारीक, पानाच्या बगलेत लपून बसलेली. मले दिसलीच नव्हती. तुझ्या सासूनं माझा हात धरून ओढत नेलं अन् हुंगायले लावलं. गोड वास. अमोल गेल्यापासून ती बाई काही दाखवायले मले घेऊन गेली, हे पहिल्यानंच. दोघंही कोपऱ्यात उभे राह्यलो थोडा वेळ. प्रेमिलानं पदरानं पानांवरची धूळ पुसली.

ती धूळ पुसत होती म्हणून माझी नजर गेली. पान उलटं करून पाह्यलं तर खालून सारं चंदेरी, भुकटी लावल्यासारखं, अन् त्यावर तांबूस ठिपके. बोटाले खरखर लागते. एक पान नाही, दोन पानं नाही, झाडाची सगळी पानं तशी. संत्र्याच्या पानाले खालून अशी भुकटी दिसली की कास्तकाराच्या तोंडचं पाणी पळते.

मी देवाजीले बोलावलं. तुले आठवन, माझ्यासंगं कलमा बांधणारा जुना सोबती, तुमच्या लग्नात वरातीत फेटा हरवून बसला होता तो. त्यानं पान उन्हात धरलं, चष्मा वरखाली केला, म्हणते कोळी कीड असन, नाही तर तांबेरा रोग. दोघांचं एकमत झालं की वाट पाहण्यात अर्थ नाही. दुखणं लवकर धरलं तर झाड वाचते. चुना अन् मोरचुदाचं पाणी करून दोनदा फवारलं, पानांच्या खालून, एकही पान सोडलं नाही. देवाजी फांद्या उलटून धरत होता अन् मी मारत होतो.

फुलं गळाली. औषध लागलं की गळतातच, त्याची काळजी करू नको. यंदा फळ धरणार नाही, एवढंच. मिनलले सांग, आजोबा बाबाच्या झाडाले बरं करून राहिले.

अमोलची खोली रिकामी करायले घेतली आहे. भिंतीले कोणता रंग मारू, तिले विचारून कळव. प्रेमिला गुलाबी म्हणते. मी निळा म्हणतो, पण पोट्टी म्हणन तो.

नत्थूजी

&nbsp;

वाडी
२ फेब्रुवारी २०२५

श्वेता,

एवढं मोठं पत्र तू लिहू शकते हे मले माहीत नव्हतं.

पहिलं झाडाचं. आंबगुळीचं पान खालून चंदेरीच असते, तुमच्या डोंगरातल्या सगळ्या झाडांचं तसंच असते, त्याले काही झालं नाही, फवारू नका, म्हणते तू. पोरी, तुमच्या डोंगरात ते जंगलात वाढते, कोणी पाह्यलं त्याच्याकडे? सगळ्यांनाच रोग असला तर सगळीच तशी दिसतीन. मी तुझा अपमान करत नाही. पण तू झाडावरची फळं तोडून खाल्ली, मी झाडं जगवून पोट भरलं. या दोन गोष्टीत फरक आहे की नाही?

आता दुसरं. पत्राच्या शेवटी तू पुन्हा तो दिवस काढला. मी तुले कधी आडवलं नाही त्या दिवसाबद्दल बोलायले, पण तू लिहिलं तसं झालं नाही. अमोल पहिली पाळी करून हिंगण्याच्या कारखान्यातून भर उन्हात मोटरसायकलवर आला. डोकं दुखते म्हणाला, ओकला. अंग तापलं होतं. ऊन लागलं होतं, हे सांगायले डॉक्टर कशाले पायजे? आमच्या इकडे दर उन्हाळ्यात घरोघरी कोणाले ना कोणाले ऊन लागते. कैरीचं पन्हं दिलं, तळपायाले कांदा चोळला, कूलरसमोर निजवलं. तू दवाखान्यात नेऊ म्हणाली, मी म्हटलं थांब, उतरते. तू पुन्हा म्हणाली, मी पुन्हा म्हटलं थांब. त्याचा घाम बंद झाला तेव्हा मले वाटलं, आता उतरलं. पुढे तो बडबडायले लागला तेव्हा नेलंच की नाही रामदासपेठेच्या दवाखान्यात? गाडी मीच बोलावली. तिथले डॉक्टर म्हणाले, आधी आणायले पायजे होतं. डॉक्टर असंच म्हणतात. मेलेल्या माणसाच्या बापाले आणखी काय सांगतीन?

मी त्याचा बाप होतो. मले काय तो मरायले पायजे होता?

झाडाची जुनी पानं गळून राहिली. रोगट पानं होती, गेली ते बरं झालं. नवी पालवी जोरात यावी म्हणून युरिया दिला, शेणखत घातलं. हे तुझ्या डोंगरात कोणी केलं नसन.

नत्थूजी

&nbsp;

वाडी
२३ मार्च २०२५

चि. श्वेता,

आशीर्वाद. मागच्या पत्रात मी तिखट लिहिलं. पोस्टात टाकल्यावर वाटलं की नव्हतं लिहायले पायजे. प्रेमिलानं ते पत्र वाचून दाखवायले सांगितलं होतं, मी दाखवलं नाही, त्यावरूनच ती समजली. दोन दिवस माझं ताट वाढून बाजूले सरकवून ठेवत होती.

व्याहींचा निरोप मिळाला की तुझ्या आईले आता कुशीवर वळवायलेही माणूस लागते, अन् मिनल शाळेतून आली की शेजारच्या घरी बसून राहते. वाईट वाटलं. खरंच सांगतो, तुझ्या आईसाठी वाटलं, माझ्या मतलबासाठी नाही. मतलब आहेच, तो मी कुठं लपवला. पण तू दोन्हीकडे किती ओढशील?

खोलीले गुलाबी रंग मारला. तुझ्या पत्राच्या खाली मिनलनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं ना, आजोबा खोली गुलाबी करा आणि बाबाच्या झाडाला फळं आली की पहिलं मला द्या, दुसऱ्या कोणाला नाही. ती ओळ मी कापून भिंतीले लावली. अमोल लहानपणी असंच लिहायचा, ओळ वर चढत जायची. नवा पलंग आणला. कूलर खिडकीत बसवला.

झाड थोडं सुस्त आहे. उन्हाळा लागला म्हणून असन. शेंडे वाळले, दोन-चार फांद्या. तशा सगळ्याच फांद्यांचे शेंडे. संत्र्यात याले आम्ही शेंडेमर म्हणतो, त्यावर इलाज आहे. वाळलेलं छाटलं, कापल्या जागेवर मोरचुदाचा लेप दिला, बुडाशी दाणेदार औषध घातलं अन् आणखी थोडा युरिया. मी रोज पाहतो त्याच्याकडे. सकाळी चहाच्या आधी पाहतो.

प्रेमिला धुण्याचं पाणी त्याले घालते, मी नको म्हटलं तरी. काल मी बुडाशी विळा घेऊन बसलो तर ती आली अन् माझ्या अन् झाडाच्या मधात बसली. ऐकू येत नसल्यानं ती हळू बोलत नाही, गल्लीले ऐकू जाईन असं बोलते, पण काल हळू बोलली.

"त्याले राहू द्या जी. त्याले काही झालं नाही."

बायकांचं असंच असते. झाडाले हात लावला की त्यांना वाटते झाड दुखते. मी उठलो, पण ती आत गेल्यावर राह्यलेलं काम केलं.

तू मे मध्ये येते ना? मिनलले घेऊन ये. एवढंच विचारायचं होतं, बाकी सारं उगाच लिहिलं.

नत्थूजी

&nbsp;

वाडी
२८ एप्रिल २०२५

चि. श्वेता,

आशीर्वाद. हे पत्र मन घट्ट करून वाच.

आंबगुळी काढली. उपटून काढली. आधी कारण ऐक, मग काय बोलायचं ते बोल.

ऊन असं पडून राहिलं की गल्लीत दुपारी कुत्रं दिसत नाही. झाडाले मोजकी पानं उरली होती, तीही कडेनं जळालेली. मी काय नाही केलं? शेवटी देवाजी म्हणाला, वरून किती पाहशील, खालून पाह्य. मी सकाळी बुडाशी उकरायले घेतलं. वीतभर खाली गेलो अन् मुळं हाती लागली. पोरी, मुळांवर गाठीच गाठी. एक-दोन नाही, घोसच्या घोस, आल्याच्या कुड्यांसारखे. देवाजीनं कपाळाले हात लावला.

तुले संत्र्याचं माहीत नाही म्हणून सांगतो. मुळांवर गाठी म्हणजे सूत्रकृमी. मातीतले डोळ्यांना न दिसणारे किडे मुळात शिरतात, गाठी करतात अन् झाडाचं सारं चोखून घेतात. त्यावर औषध नाही. एका झाडाले झालं की ओळीतल्या सगळ्या झाडांना होते. काटोलले एका कास्तकारानं असं एक झाड दयेनं ठेवलं अन् पुढं त्याची पूर्ण बाग काढावी लागली, ती काढायले मीच गेलो होतो. तवापासून आमच्या धंद्यात नियम आहे, गाठी दिसल्या की विचार करत बसायचं नाही. झाड मुळासकट काढायचं, जाळायचं, खड्ड्यातली माती दूर टाकायची अन् खड्डा उन्हात उघडा तापू द्यायचा.

आम्ही तसंच केलं. नियमानं केलं. अंगणात माझ्या हातचे दोन संत्रे आहेत, तेही वाचवायचे होते. मले खरं तर बरंच वाटलं. पानावर दिसत होतं ते दुखणं कुठून येऊन राहिलं होतं ते एकदाचं सापडलं, माझी नजर खोटी नव्हती. देवाजीले मी तसं म्हणालोही. खोड हिरवं असूनही झाड भडकन पेटलं. माती घमेल्यानं भरभरून मागच्या मोकळ्या प्लॉटवर टाकली, पसरून दिली, वरून पाय फिरवला.

प्रेमिला दळण आणायले गेली होती. ती आली, कोपऱ्यात पाह्यलं, खड्ड्यात पाह्यलं. पिठाचा डबा तिथंच ठेवला अन् मागच्या प्लॉटवर गेली. ऊन डोक्यावर. मी भिंतीवरून पाह्यलं तर खाली बसून माती पदरात भरून राहिली. मी ओरडलो, अवं ती रोगाची माती आहे, घरात काहून आणते? तिले ऐकू गेलं नाही. मी जवळ जाऊन हात धरला, तर माझ्याकडे असं पाह्यलं तिनं की मी हात सोडला.

मग माझ्या ध्यानात आलं की ती कोणाले भरून राहिली.

खोटं नाही सांगत, काम करताना मले याची आठवणच नव्हती. मी मुळं पाहत होतो, गाठी पाहत होतो. त्या मातीत अमोल आहे हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. देवाजीलेही नाही. आता तिथं मुरूम अन् ती, सगळं एक झालं, वेगळं होत नाही. प्रेमिलानं भरून आणलेली माती देवघराखाली परातीत ठेवली आहे. माझ्याशी ती बोलत नाही.

पण रोग तो रोग. तू शांतपणानं विचार करशील तर तुलेही पटन. पावसाळा लागला की त्याच जागी मी स्वतःच्या हातानं बांधलेली संत्र्याची कलम लावतो, अमोलच्या नावानं. परातीतली माती तिच्या बुडाशी घालू. मिनल मोठी होईस्तोवर फळाले येईन. हे तुले मंजूर असन असं धरून चालतो.

नत्थूजी

&nbsp;

वाडी
३० एप्रिल २०२५

श्वेता,

वरचं पत्र परवा लिहिलं. पाकीट घ्यायचं राह्यलं म्हणून घरीच होतं. काल दुपारी पोस्टमननं तुझं पत्र दिलं. ते तू माझं वरचं पत्र न वाचता लिहिलं, चार दिवसांआधी. दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी पडून आहेत.

तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं. तू लिहिलं, "बाबा, मी खूप विचार केला. वर्षश्राद्धाला मिनलला घेऊन येते आणि तिला तुमच्याकडेच ठेवून जाते. महाराष्ट्र एक्स्प्रेसची तिकिटं काढली आहेत. तिचा पंप कसा द्यायचा ते आईंना नीट दाखवीन. माझा राग गेला असं म्हणत नाही, पण तुम्ही झाडाकडे रोज लक्ष देता, हे वाचून मला धीर आला."

पहिल्या पत्रापासून मी या एवढ्या ओळींसाठी लिहून राहिलो होतो. आनंद झाला. क्षणभर झाला, तो लपवत नाही. प्रेमिलाले हाक मारली, तिले ऐकू आलं नाही. मग पुढचं वाचलं.

"आमचे बाबा सांगतात, आता एकदा बुडाजवळची माती हलक्या हाताने उकरून पाहा. मुळांवर गाठींचे घोस दिसले की निश्चिंत व्हा. आंबगुळी हवेतलं खत त्या गाठींमध्येच साठवते आणि त्यावर जगते, म्हणून तिला माती चांगली लागत नाही. गाठी नसतील तरच काळजी करा, आम्ही इथून मूळ डोंगरातली मूठभर माती पाठवू. आणि युरिया घालू नका, तिला तो लागत नाही."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग देवाजीकडे गेलो, त्याले वाचून दाखवलं. तो म्हणाला, सरकारी माणसानं आपल्याले संत्र्याचं शिकवलं होतं गा, आंबगुळीचं कोण शिकवणार. मी म्हटलं, तिनं लिहिलं होतं ना पानाचं. तो म्हणाला, कोणी? मी म्हटलं, सुनेनं. त्यानं कागद घडी करून परत दिला. मीही उठून आलो.

पान चंदेरी होतं तेच तिचं चांगलं पान होतं. गाठी होत्या तेच तिचं पोट होतं. माझं एवढं विष खाऊनही गाठी जागच्या जागी होत्या, म्हणजे मी फक्त हात बांधून बसलो असतो तर ती पुन्हा फुटली असती. प्रेमिलाले एक अक्षर माहीत नाही झाडातलं, तिले दिसलं. मले दिसलं नाही, कारण मी पाहतच नव्हतो, मले आधीच माहीत होतं.

काल प्रेमिलाले सगळं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, ओरडून सांगायची हिंमत नव्हती. तिनं वाचलं. पहिल्यानं तिले दुसरं काही दिसलं नाही, मिनल येते एवढंच दिसलं. अमोलनंतर तिच्या तोंडावर असं काही मी पाह्यलं नव्हतं. मग बाकीचं वाचलं. मग माझ्या जवळ येऊन म्हणाली, "तिले हे काही लिहू नका. ऊन लागून गेलं म्हणा."

नागपूरच्या एप्रिलात कोणालेही पटन. तुले पटलं असतं, व्याहींना पटलं असतं, मिनल आली असती. मी कागद घेतलाही होता. 'ऊन लागून' एवढं लिहिलं अन् हात थांबला. हे वाक्य या घरात नवं नाही वं. मागच्या मे महिन्यात दारात आलेल्या हरेक माणसाले अमोलचं मी एवढंच सांगितलं होतं, त्याच दारात उभं राहून. तू आतल्या खोलीत बसून ऐकत होती. एकदाही बाहेर येऊन तू मले खोटं पाडलं नाही.

तर ऐक. आंबगुळी ऊन लागून गेली नाही. तिले काही झालं नव्हतं. मी तिले बरं करत करत मारलं. अन् तिच्या आधीचं तुले माहीत आहे, ते माझ्या हातून कागदावर उतरत नाही, दोनदा प्रयत्न केला.

आता मिनलचं. तिले इथं ठेवू नको.

हे लिहायले मले सकाळपासून वेळ लागला. प्रेमिला समोर बसली आहे. मी काय लिहून राहिलो ते तिले माहीत आहे अन् ती मले आडवत नाही, पण डोळे पुसून राहिली. गुलाबी खोलीचं दार तिनं लोटून घेतलं. तिच्यासाठी तरी ठेव असं मी लिहीन अशी तिले अजून आशा असन. मी लिहिणार नाही.

तू म्हणशील, तुम्हाले समजलं आता, तुम्ही पुन्हा तसं करणार नाही. मलेही आज तसंच वाटते. पण आज माझ्यासमोर फक्त कागद आहे. पोट्टीले धाप लागन, तिचे ओठ निळे पडतीन, प्रेमिला पंप शोधन, अन् मले तेव्हा पुन्हा सगळं माहीत असन. मी म्हणीन, थांब, उतरते. माझा आवाज मोठा आहे, प्रेमिलाले तो ऐकू येत नाही, पण तिचा हट्ट मी ती आत जाईपर्यंतच मानतो. तू धरला होता, दोनदा. तरी मी ऐकलं नाही. सहा वर्षांची पोर काय हट्ट धरन?

श्राद्धाले ये. तिकिटं मोडू नको, तिले घेऊन ये, तिच्या आजीले तिले पाहू दे. झाड कुठं आहे विचारन, तेव्हा मी सांगीन, तू सांगू नको. परातीतली माती आहे, ती तू घेऊन जा. मेढ्याच्या डोंगरात जिथं आंबगुळी आपोआप येते तिथं टाक, अन् मी त्या जागेवर कधी येणार नाही असं मिनलले सांग.

इथं असाल तेवढे दिवस तिले तुझ्या नजरेआड होऊ देऊ नको. जिथं तू तिथं ती. अन् मी तिच्या हातात काही देऊ लागलो, गोळी, काढा, पाण्याचा पेला, काहीही, तर काढून घे. मी ओरडीन. सगळ्यांसमोर ओरडीन. तरी काढून घे.

नत्थूजी